डाव्या बाजूचा बाप

आमचं बाळ दवाखान्यातून घरी आलं तेव्हा त्याचं डोकं गोल होतं, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढे लोकांनी नाना तर्क लढवले. 'मुळातच तसं असेल' हा एक. 'तुमच्याकडे कुणाचं तरी असेल' हा दुसरा. 'तुझंही जरा मागून बसकंच आहे' हा तिसरा, आणि तो माझ्या सख्ख्या आईने लढवला. म्हणून सांगतो. गोल होतं. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानादुकानांतून फिरून तराजू खरा की खोटा हे बघायचं, वजनांवर शिक्का मारायचा, हा माझा धंदा. दुधाचं माप बुडाला किंचित चेपलेलं असलं तर मला ते दुकानाच्या पायरीवरूनच दिसतं. अशा माणसाच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत, एक अख्खं डोकं एका बाजूने चपटं होत जातं आणि ते पहिल्यांदा दिसतं कुणाला? खालच्या मजल्यावरच्या निवृत्त ग्रंथपालांना!

जिन्यात गाठ पडली. बाळ माझ्या खांद्यावर होतं आणि ग्रंथपाल आमच्या मागून उतरत होते.

"अहो निरीक्षक," ते म्हणाले, "याचं डोकं मागून बसलंय."

"बसलंय म्हणजे?"

"पुस्तक फार दिवस कपाटात तिरकं ठेवलं की बांधणी बसते ना, तसं. उजवी बाजू. तुमच्या लक्षात आलं असेलच म्हणा."

आलं नव्हतं. पण 'आलं नव्हतं' असं जिन्यात उभं राहून कोण म्हणेल? मी "हो, आमचं लक्ष आहे त्याच्यावर," असं भारदस्त उत्तर देणार, तेवढ्यात बाळाने माझ्या खांद्यावर गुळणी टाकली. नुसती टाकली नाही. ती शर्टाच्या कॉलरीतून आत शिरली आणि पाठीच्या कण्यावरून, कोमट, संथ, आपल्याच घरी चालल्यासारखी खाली गेली.

"आणि हेही," ग्रंथपाल म्हणाले आणि रुमाल पुढे केला.

आता या गुळणीबद्दलही बोललं पाहिजे, कारण आमच्या घरात त्या दिवसांत दोनच ऋतू होते: गुळणीच्या आधीचा आणि गुळणीच्या नंतरचा. दूध पोटात गेलं की ते तिथे राहावं, अशी निसर्गाची सर्वसाधारण व्यवस्था असते. आमच्याकडे दूध फक्त फेरफटका मारायला आत जायचं. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं होतं की अन्ननलिकेच्या टोकाला एक झडप असते, ती बाळांमध्ये ढिली असते, वय वाढलं की घट्ट होते, वजन नीट वाढतंय तोवर काळजी नाही. दूध पाजल्यावर बराच वेळ उभं धरा, म्हणाल्या. आम्ही धरलं. ही दमली की आई धरायची, आई दमली की मी. बाळ आळीपाळीने तिघांच्या खांद्यावर निशाणासारखं उभं असायचं आणि तिघांच्याही खांद्यांना आंबूस वास यायचा. माझी आई कशालाही गाणं जुळवते. तिने त्यालाही जुळवलं:

*दूध पाजलं घोटभर, माघारी आलं ओंजळभर,*
*बापाच्या रे खांद्यावर मुलूख पांढरा पसरला.*

मुलूख पांढरा होता हे खरं, पण निळ्या शर्टावर तो फार उठून दिसतो. मी एका मोठ्या धान्याच्या दुकानात खोटं वजन पकडलं, मालकाला खडसावलं, कायदा ऐकवला. आणि तो भला माणूस हात जोडून काय म्हणतो? "साहेब, मान्य. पण तुमच्या खांद्यावर काहीतरी वाळलंय." सरकारी धाक म्हणून काही चीज असते. ती एका ओल्या फडक्याने पुसून गेली.

असो. मी जिन्यातून वर आलो. बाळाला पलंगावर ठेवलं, डोक्याच्या मागे वाकून पाहिलं. उजवीकडे खरंच सपाट होतं. ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने माझं तोंड पाहिलं आणि तिचा तळहात आपोआप तिथे गेला. मग तो हात तिथून हललाच नाही.

"मला वाटलं मलाच तसं वाटतंय," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी बाळाला उलटं-सुलटं करून पाहिलं. त्याला उजवीकडेच बघायची सवय लागली होती. उजवीकडे बघतो म्हणून उजवीकडे टेकतो, टेकतो म्हणून तिथे चपटं होतं, आणि चपटं झालं की डोकं तिथेच जाऊन बसतं. उपाय सोपे होते. झोपवायचं उताणंच, त्यात बदल नाही. जागा असेल तेव्हा पालथा घालायचा. कॉटमध्ये रोज डोक्याची बाजू बदलायची, म्हणजे बघायची दिशा बदलते.

"आणि पुढच्या काही भेटींत फरक दिसला नाही," त्या म्हणाल्या, "तर टोपी घालावी लागेल."

"लोकरीची?" आईने विचारलं.

"नाही आजी, कडक. डोक्याच्या मापाची. दिवसरात्र ठेवायची. बाळाला त्याचा त्रास नसतो हो, पण टाळता आली तर बरं."

रिक्षात बसल्यावर हिने बाळाला छातीशी धरलं. मग म्हणाली, "दिवसरात्र घातली तर मी त्याची टाळू हुंगायची कुठून?"

यावर कुठल्याही खात्याकडे उत्तर नाही. पण मी मनाशी ठरवलं की ही टोपी आपल्या घरात येणार नाही. आणि मी एकदा ठरवलं की काय होतं, ते माझ्या साहेबांना विचारा. ते सांगतील की काहीच होत नाही. त्या साहेबांबद्दल नंतर बोलू.

पहिली अडचण ही की ज्याने एक दुखणं बरं व्हायचं त्याने दुसरं चिघळायचं. पोट म्हणायचं उभं धरा, डोकं म्हणायचं पालथं घाला. दूध पिऊन पालथा घातला की सगळं दूध सतरंजीवर, आणि त्यातच हा नाक घालून रडणार. दूध प्यायच्या आधी पालथा घातला की भुकेने रडणार. म्हणजे भूक लागलेली नाही आणि पोट भरलेलंही नाही, असा जो एक चिमूटभर मधला काळ असतो, तेवढ्यात आम्हाला हे कार्य उरकायचं होतं. तो काळ आला हे ओळखेपर्यंत तो गेलेला असायचा. "आत्ता!" असं ही ओरडायची, आई सतरंजी अंथरायची, मी बाळाला अलगद पालथा घालायचो, आणि बाळ ठरवायचं की आता भूक लागली.

दुसरी अडचण ग्रंथपाल. ते एक उशी घेऊन आले. मधे भोक असलेली, गोल. "यात डोकं ठेवायचं. आमच्या वाचनालयात या विषयावर एक चांगला ग्रंथ होता, कुणीतरी नेला आणि परत केला नाही." डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळाच्या कॉटमध्ये कसलीही उशी नको, श्वासाला धोका. मी उशी परत करायला खाली गेलो. आता परत केलेली वस्तू ग्रंथपालाला आवडायला हवी की नाही? त्यांनी ती घेतली, पलटून पाहिली, आणि "वापरलीही नाही," एवढंच म्हणून दार लावलं.

तिसरी अडचण मी स्वतः निर्माण केली, हे आईचं मत आहे. माझं मत असं की कल्पना उत्तम होती. उताणंच झोपवायचं आहे आणि दूधही वर यायला नको, तर कॉट डोक्याकडून थोडी उचलून घ्यावी. मी विटा आणल्या. घरात पातळी तपासायची पाणसळ आहे, ती ठेवून दोन्ही पाय सारख्या उंचीवर आणले, कारण अंदाजपंचे काम मला चालत नाही. उतार इतका देखणा जमला की मी हिला हाक मारून दाखवला. बाळाला वर ठेवलं. आम्ही चहा घेऊन परत येतो तर वरची जागा रिकामी! ही किंचाळलीच. बाळ पायथ्याशी होतं, मोज्यात पाय जावा तसं कोपऱ्यात दुमडून बसलेलं, आणि उजवीकडे बघत होतं. डॉक्टरबाई फोनवर माझ्याशी जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. कॉट सपाटच हवी, एवढा त्याचा सारांश. पण 'तुम्हाला कुणी सांगितलं हे डोकं चालवायला' हे वाक्य एका निरीक्षकाला त्याच्या बायको-आईसमोर स्पीकरवर ऐकवावं का, याचा त्यांनी विचार करायला हवा होता.

मी रजा काढायचं ठरवलं. घरी राहून सगळं हाती घ्यायचं. आस्थापना शाखेतल्या हेडक्लार्कने अर्ज वाचला.

"मुलाला आजार काय?"

"आजार नाही. दूध वर येतं आणि डोकं एका बाजूने चपटं आहे."

"आजार नाही, मग रजा कशी?"

"मी डॉक्टरांचा दाखला आणतो."

दाखला मागायला गेलो तर डॉक्टरबाई म्हणतात, "पण हा आजारी नाहीये ना! छान खेळतोय. मी आजारी म्हणून कसं लिहू?" परत हेडक्लार्ककडे. "बघा, त्याही तेच म्हणतात," तो म्हणाला, जणू दोघांनी मिळून मला रंगेहाथ पकडलं होतं. साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "माझंही डोकं मागून चपटं आहे. काय बिघडलं?" यावर खरं उत्तर देण्याची सोय सेवानियमांत नाही.

तेव्हा रजा नाही. कामावर जायच्या आधी आणि आल्यावर जे होईल ते. त्यातही मी एक काम न चुकता करायचो. सकाळी निघण्यापूर्वी कॉट फिरवायचो. कॉटची एक लांब बाजू भिंतीला लागून होती, दुसरीकडे खोली. कॉट जशीच्या तशी उलट फिरवली की बाळाचं डोकं दुसऱ्या टोकाला, आणि जी खोली त्याच्या उजवीकडे होती ती डावीकडे. साधा हिशेब. कॉट जड होती, तिची चाकं कधीच निखळली होती, तरी मी दात-ओठ खाऊन ती ओढायचो आणि हिला काही सांगायचो नाही. बाळाच्या मागे तिच्या डोळ्यांखाली सावल्या आल्या होत्या. एवढं तरी तिच्या डोक्यावरून उतरावं, तिला आठवणसुद्धा ठेवायला लागू नये, असं माझ्या मनात होतं.

दिवस गेले. डोकं काही गोल होईना. उलट आई त्याला मांडीवर घेऊन गाऊ लागली:

*डोकं माझ्या राजसाचं, अर्धा चंद्र आभाळीचा,*
*बाप मापतो जगाला, ठाव नाही या भाळीचा.*

"आई, हे असलं काहीतरी गाऊ नकोस."

"गाणं आहे, तक्रार नाही. तुला टोचलं तर मी काय करू?"

पुढच्या भेटीला डॉक्टरबाईंनी पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "वाढलंय. डोक्याची बाजू रोज बदलता ना?"

"हो, मी बदलतो," मी म्हणालो.

"हो, मी बदलते," ही म्हणाली.

दोघंही एकाच वेळी बोललो. मग दोघांनीही एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही काय बदलता?" डॉक्टरबाईंनी मला विचारलं.

"कॉट. सकाळी अख्खी फिरवतो."

"आणि तुम्ही?"

"मी त्याला कॉटमध्ये उलटं ठेवते," ही हळू आवाजात म्हणाली. "डोक्याकडे पाय, पायाकडे डोकं. हे कामावर गेले की. यांना नको सांगायला म्हटलं, आधीच किती करतात."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मी कॉट फिरवायचो, ही बाळ फिरवायची, आणि बाळाचं डोकं रोज होतं त्याच जागी परत यायचं. एवढी मेहनत घेऊन, एवढ्या प्रेमाने, एवढं गुपचूप, आम्ही दोघांनी मिळून त्याला उजवीकडेच बघायला लावलं होतं. एखाद्या आळशी घरात काहीच केलं नसतं तर त्या बाळाला याहून बरे दिवस आले असते!

"मला वाटायचं, तुम्ही मुद्दामच करताय," आई म्हणाली. "आधी कॉट, मग पोर. म्हटलं असेल काहीतरी नवीन."

"आजी, तुम्ही बोलायचं ना!"

"मी बोलले की म्हणतात, आईला सगळ्यातच बोलायचं असतं."

डॉक्टरबाईंनी एक शेवटची भेट ठरवून दिली. तेव्हाही फरक नसला तर टोपीचं माप. "आता सामान कमी हलवा," त्या म्हणाल्या. "बाळांना माणसाचं तोंड सगळ्यात आवडतं. खोली डावीकडे येईल असा ठेवा आणि कुणीतरी डावीकडे बसा. बोला त्याच्याशी. तो आपणहून वळेल."

कुणीतरी म्हणजे मी. ही दूध पाजते, आई दुपटी धुते, शिवाय आईच्या मते "बापाचं तोंड आत्तापर्यंत त्याने पाहिलंय कुठे?" मी डावीकडे स्टूल टाकून बसलो. उजवीकडे कोरी भिंत. तिच्यात फक्त एक खिळा होता. मी लाडाने हाक मारली. खुळखुळा वाजवला. पक्ष्यांचे आवाज काढले, ते ऐकून आई बाहेर येऊन आकाशाकडे बघू लागली. मी गाणं म्हटलं. बाळाने उजवीकडे मान टाकली आणि शांतपणे खिळ्याकडे बघत राहिलं.

माझा मुलगा माझ्यापेक्षा खिळा पसंत करत होता! मी शाळेतल्या स्नेहसंमेलनात नाटकं केली आहेत. माझ्या तोंडाकडे बघून दुकानदार घामाघूम होतात. आणि या पोराला खिळा बरा वाटतो? मी कॉट पुढे ओढली, हातोडी आणली आणि खिळा उपटला. कॉट मागे ढकलून परत स्टुलावर येऊन बसलो.

बाळ भोकाकडे बघू लागलं.

आणि नेमकी तेव्हाच दारावर थाप पडली. ग्रंथपाल. ते सरळ खोलीच्या दारापर्यंत आले.

"निरीक्षक, हे सकाळपासून काय चाललंय? आधी महिनाभर रोज माझ्या डोक्यावरून कुणीतरी गाडा ओढतं. आज ठोकाठोकी. मी काही बोललो नाही. लहान बाळ आहे म्हटलं. पण इतकं सगळं करून डोकं तर आहे तसंच! मी दिलेली उशी घेतली असती तर..."

यानंतर जे झालं त्याला मी जबाबदार नाही.

"उशी?" मी म्हणालो. "उशीचं नाव काढू नका! सगळ्यांनी मला उशीच दिली आहे. साहेब म्हणतात माझंही चपटं आहे. हेडक्लार्क म्हणतो आजारच नाही. डॉक्टर म्हणतात डोकं चालवू नका. दुकानदार माझा खांदा पुसतात! मी कॉट ओढून ओढून कंबर मोडून घेतली, तर ती मेहनतच उलटी पडली. गाणं म्हटलं, तर आई पक्षी शोधते. आणि या घरात भिंतीतल्या भोकाला जेवढी किंमत आहे तेवढी—"

"अहो," ही कुजबुजली.

"थांब, मला बोलू दे! तेवढी किंमत बापाला नाही! मी विचारतो, माणसाने—"

"अहो, थांबूच नका! बघा!"

मी खाली पाहिलं. बाळ डावीकडे बघत होतं. अर्धवट नाही, पुरतं. डोळे एवढे मोठे केलेले, तोंड उघडं, आणि नजर माझ्या कपाळावरच्या आठीवर खिळलेली. माझ्या भुवया वर गेल्या की त्याच्याही वर जायच्या. मी थक्क होऊन गप्प झालो. झालं. त्याने सावकाश मान फिरवली आणि परत भोकाकडे बघू लागला.

"बोला!" ही म्हणाली.

"काय बोलू? आता राग गेला."

"निरीक्षक," ग्रंथपाल हळूच म्हणाले, "ती उशी मला परत करताना तिला धुळीचा डाग होता."

"डाग?" मी म्हणालो. "डाग! मी ती उशी पिशवीतूनसुद्धा बाहेर काढली नव्हती!"

बाळ वळलं.

त्या दिवसापासून मला घरी रागावणं हे काम लागलं. मी स्वभावाने शांत माणूस आहे; ज्यांना पटत नाही त्यांनी येऊन बघावं, मी त्यांची चांगली खरडपट्टी काढीन. पण लेकरासाठी माणूस काय करत नाही? कामावरून आलो की हात धुऊन स्टुलावर बसायचो. ही बाजूला उभी राहून इंधन पुरवायची. "तुमच्या त्या खिडकीजवळच्या टेबलावर नव्या पोराला बसवलं म्हणे?" की मी सुरू. आई पदर खोचून मदतीला यायची. "तुझ्या लग्नात तुझ्या सासऱ्यांनी मला दुसऱ्या रांगेत बसवलं होतं," यावर हीसुद्धा चिडायची आणि बाळाला एकाच बैठकीत दोन तोंडं बघायला मिळायची. ग्रंथपाल तर संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊनच यायचे, माझ्यासाठी संतापजनक बातम्यांना पेन्सिलीने खुणा केलेल्या असायच्या. पालथा घालायची वेळ आली की मीही सतरंजीवर समोर पालथा पडून भांडायचो. बाळ मान उचलून, डगमगत, तोंडाला लाळ, माझी तक्रार ऐकायचं. इतकं लक्ष देऊन माझं म्हणणं आजवर एकाही वरिष्ठाने ऐकलेलं नाही. त्या चिमूटभर मधल्या काळात आता रडणं नव्हतं. भूकसुद्धा माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची. अर्थात मधूनच एखादी गुळणी यायची, नेमकी मुद्द्यावर. आईने गाणं जुळवलंच:

*चीड रे चीड बापूराया, लेक डावीकडे पाहे,*
*तुझ्या कपाळाची आठी त्याला खेळायाची आहे.*

पण एक नवीनच पेच पडला. बाळ नुसतं बघायचं ते आता हसायला लागलं. मी मुठी आवळून 'हा शुद्ध अन्याय आहे' म्हणावं आणि समोर त्या दोन कोऱ्या हिरड्या उजळाव्यात, आत दूधवासाचा हुंकार फुटावा. कसला अन्याय? कुणी केला? मला आठवेना. साहेबांचं नाव घेतलं तरी छातीत काहीतरी लोण्यासारखं पाघळायला लागलं.

"निरीक्षक, ढिले पडताय," ग्रंथपाल पेपरातून मान वर काढून म्हणायचे.

"नाही पडत."

"पडताय. मघाशी तुम्ही हेडक्लार्कला 'बिचारा' म्हणालात."

मी सुधारायचा प्रयत्न केला. बसस्टॉपवर मुद्दाम धक्काबुक्कीत उभा राहिलो. टेलिफोन खात्याला तक्रार करायला फोन लावला. तिकडच्या मुलीने इतक्या गोडपणे क्षमा मागितली की माझा सगळा दिवस फुकट गेला. त्या शेवटच्या भेटीच्या सकाळी मी स्टुलावर बसलो आणि मला एकही तक्रार सुचली नाही. मी नुसता त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग सभ्यपणे भिंतीकडे मान वळवली.

"जाऊ दे," ही म्हणाली. तिने त्याला उचललं, नाक त्याच्या टाळूवर टेकलं आणि डोळे मिटून उभी राहिली. कदाचित आजचंच शेवटचं, अशी. मी शर्ट बदलला.

डॉक्टरबाईंनी बाळाला टेबलावर ठेवलं. ही उजवीकडे उभी, आई तिच्यामागे, डावीकडे मी. डॉक्टरबाईंची बोटं डोक्यावरून फिरत राहिली. मागून, बाजूने, कानांमागून. ही टेबलाची कड धरून उभी होती.

"छान," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बरंच भरून आलंय. टोपी नको."

हिने श्वास सोडला तो मला ऐकू आला. आईने डोळ्यांना पदर लावला. मी छताकडे बघू लागलो.

"आता फक्त नोंदीपुरतं मोजून घेते." त्यांनी टेप काढली आणि हिच्याकडे बघून कौतुकाने हसल्या. "तुमची मेहनत दिसते हो यात. आई अशी चिकाटीची असली की बाळ सुधारतंच. आजी, तुमचीही साथ आहे बरं का." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि बाबा, तुम्ही जरा मागे सरता का? उजेड अडतोय."

ही माझ्याकडे बघू लागली. आईही बघू लागली.

"मागे सरू?" मी म्हणालो. "उजेड? डॉक्टर, क्षमा करा, पण मी रोज संध्याकाळी कामावरून येऊन, उपाशीपोटी, घसा बसेपर्यंत, सतरंजीवर पालथा पडून—"

टेबलावर काहीतरी हललं. बाळाने मान वळवली. सावकाश, सबंध, हनुवटी डाव्या खांद्याला लागेपर्यंत. डोळे मोठे केले, माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि हिरड्या दाखवून हसलं.

"अहो बाबा," डॉक्टरबाई टेप सावरत म्हणाल्या, "जरा गप्प राहा ना, हा डोकं सरळ ठेवत नाहीये!"

"गप्प?" मी म्हणालो. "मी? गप्प राहू?"

बाळाने आनंदाने पाय झाडले.